मध्ययुगीन इंग्लिश पॅरिश चर्च : वास्तू वाचावी कशी, दुरुस्त करावी कशी

विल्टशायरमध्ये, थेम्स नदीच्या काठाजवळ, लेचलेड गावापासून थोड्याच अंतरावर इंगलशॅमचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च उभे आहे. त्याचा बराचसा भाग १२०५ च्या सुमारास बांधला गेला. आतली फरसबंदी खालीवर आहे, लाकडी बंदिस्त बाके एका रेषेत नाहीत, आणि तेराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतची चित्रे व धर्मवचने भिंतींवर एकावर एक चढलेली आहेत. दक्षिणेच्या भिंतीत माता आणि बालकाचे सॅक्सन काळातील शिल्प आहे. ते पूर्वी बाहेर होते आणि त्याचा उपयोग सावलीचे घड्याळ म्हणून केला गेला होता. या चर्चची मोठी दुरुस्ती १८८८-८९ मध्ये झाली. जवळच्या केल्मस्कॉटला राहणारे कवी आणि रचनाकार विल्यम मॉरिस यांनी त्यासाठी जिवापाड धडपड केली आणि काम जे. टी. मिकलथ्वेट या वास्तुविशारदाने पाहिले. आज आत उभे राहिले, तर ती दुरुस्ती नेमकी कुठे झाली हे सहजी दाखवता येत नाही. माझ्या मते चांगल्या कामाची याहून मोठी कसोटी नाही.

इंग्लंडमध्ये स्थायिक होऊन गावच्या, म्हणजे पॅरिशच्या, चर्चच्या देखभालीत सहभागी झालेले मराठीभाषक आणि वारसा-संवर्धनाचा अभ्यास करणारे विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख आहे. कामाचा क्रम सर्वांत महत्त्वाचा आहे : आधी वास्तू वाचावी, मग परवानगी घ्यावी, मग पाणी आवरावे आणि त्यानंतरच दगड, लाकूड व रंग यांना हात लावावा.

पहिली पायरी : बाहेरून संपूर्ण फेरी

पहिली फेरी शक्य असल्यास भर पावसात मारावी. कोणती पन्हळ भरून वाहते आहे, कोणत्या नळाच्या सांध्यातून पाणी भिंतीवर उतरते आहे, कोणता कोपरा हिरवा पडला आहे, हे कोरड्या दिवशी तासभर शोधूनही जे कळत नाही ते पावसात पाच मिनिटांत दिसते.

त्यानंतर आराखडा समजून घ्यावा. चर्चची लांबी सहसा पूर्व-पश्चिम असते. पश्चिमेकडे लोकांनी बसण्याचा मोठा भाग असतो, त्याला नेव्ह म्हणतात. पूर्वेकडे वेदीचा लहान भाग असतो, त्याला चॅन्सल म्हणतात. मनोरा बहुधा पश्चिम टोकाला आणि रोजचे प्रवेशद्वार बहुधा दक्षिणेला असते. मध्ययुगात चॅन्सलच्या डागडुजीची जबाबदारी रेक्टरची, म्हणजे चर्चचे उत्पन्न घेणाऱ्या धर्मगुरूची, आणि नेव्हची जबाबदारी गावकऱ्यांची असे. त्यामुळे एकाच इमारतीत तेराव्या शतकातील साधे, ठेंगणे चॅन्सल आणि त्याला लागून पंधराव्या शतकातील उंच, उजेडाने भरलेले नेव्ह आढळते. गावाकडे पैसा आला होता आणि रेक्टरला खर्च करायचा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

भिंतीचे निरीक्षण करताना उभी सरळ दरज शोधावी. दगड एकमेकांत न गुंफता जिथे खालपासून वरपर्यंत एक रेष गेली आहे, तिथे दोन वेगळ्या काळांतील बांधकामे एकमेकांना टेकली आहेत, असे समजावे. मनोऱ्याच्या पूर्वेकडील अंगावर उलट्या व्ही-सारखी दगडी कड दिसली, तर ती जुन्या उतरत्या छपराची खूण असते. पुढे भिंती उंच करून वर खिडक्यांची रांग काढली गेली आणि छप्पर जवळजवळ सपाट करून त्यावर शिशाचे पत्रे घातले गेले. बुजवलेली दारे, मध्येच बदललेला दगड, अर्धवट तुटलेली कमान यांची नोंद कागदावर रेखाटन करून घ्यावी. छायाचित्र सगळेच टिपते, रेखाटताना मात्र काय महत्त्वाचे हे आपल्याला ठरवावे लागते.

दगडावरून प्रदेश कळतो. कॉट्सवोल्डमध्ये मधाच्या रंगाचा चुनखडक, सॉमरसेटमध्ये हॅम टेकडीचा पिवळसर दगड आणि नॉरफक-सफकमध्ये गारगोटीसारखा चकमकीचा दगड सापडतो. या चकमकीतून नीट कोपरा घडवता येत नाही आणि कोपऱ्याचा चांगला दगड दूरवरून आणावा लागतो. नॉरफकमध्ये शंभराहून अधिक चर्चना गोल मनोरे आहेत, त्यामागे हेही एक कारण मानले जाते.

दुसरी पायरी : काळ ओळखणे

इंग्लिश गॉथिक शैलीचे जे तीन टप्पे आजही सांगितले जातात, त्यांची नावे वास्तुविशारद टॉमस रिकमन यांनी १८१७ मध्ये रूढ केली. त्याआधीच्या सॅक्सन आणि नॉर्मन बांधकामासह पाच टप्पे डोळ्यांसमोर ठेवले, की बहुतेक चर्च उलगडू लागतात.

सॅक्सन भिंती उंच पण तुलनेने पातळ असतात आणि कोपऱ्यात एक उभा, एक आडवा असे लांब-आखूड दगड रचलेले असतात. डरहॅम परगण्यातील एस्कम येथील सातव्या शतकातले चर्च जवळच्या रोमन किल्ल्याचे दगड आणून बांधले आहे; नॉर्थॅम्प्टनशायरमधील अर्ल्स बार्टनच्या मनोऱ्यावर दगडी पट्ट्यांची जणू लाकडी चौकट उमटवली आहे. १०६६ नंतरच्या नॉर्मन कामात अर्धगोल कमानी, जाड भिंती आणि दारांभोवती नागमोडी नक्षी दिसते. हेरफर्डशायरमधील किलपेक चर्चचे ११४० च्या सुमाराचे दक्षिणद्वार डोळे भरून पाहण्यासारखे आहे. तेराव्या शतकातील अर्ली इंग्लिश शैलीत कमान टोकदार होते आणि खिडकी भाल्याच्या पात्यासारखी अरुंद राहते. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील डेकोरेटेड शैलीत खिडकीच्या माथ्यावरची दगडी जाळी वेलीसारखी वळू लागते. लिंकनशायरमधील हेकिंग्टन आणि यॉर्कशायरमधील पॅट्रिंग्टन ही तिची उत्तम उदाहरणे आहेत.

मग १३४८ मध्ये प्लेगची महाभयंकर साथ आली आणि अनेक ठिकाणी काम मध्येच थांबले. त्यानंतर पर्पेंडिक्युलर ही शैली सर्वत्र पसरली. तिच्यात खिडक्या रुंद होतात, जाळीच्या उभ्या पट्ट्या थेट कमानीला भिडतात आणि भिंत जवळजवळ काचेचीच होऊन जाते. लोकर आणि कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या लॅव्हनम, लाँग मेलफर्ड, नॉर्थलीच या गावांची चर्च याच शैलीत उभी राहिली.

इथे एक धोका आहे. खिडकी तेराव्या शतकातील दिसली म्हणून ती तेराव्या शतकातीलच असते असे नाही. व्हिक्टोरियन काळात हजारो खिडक्या नव्याने कोरल्या गेल्या. काही जुन्याची हुबेहूब नक्कल होत्या, तर काही केवळ वास्तुविशारदाच्या आवडीच्या. कडा अजून धारदार आहेत का, हत्याराच्या खुणा एकसारख्या आहेत का, दगड शेजारच्या भिंतीपेक्षा वेगळ्या खाणीचा आहे का, हे जवळ जाऊन तपासावे. लाकडाच्या बाबतीत वृक्षवलयांच्या मोजणीने काळ ठरवता येतो. एसेक्समधील ग्रीनस्टेड चर्चच्या ओक लाकडी भिंती पूर्वी नवव्या शतकातील मानल्या जात, या मोजणीने त्या अकराव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे सरकल्या.

तिसरी पायरी : आतल्या खुणा

मध्ययुगात चर्चचा अंतर्भाग रंगांनी भरलेला होता. नेव्ह आणि चॅन्सल यांच्यामधल्या कमानीवर अंतिम न्यायाचे चित्र, दारासमोरच्या भिंतीवर प्रवाशांचा रक्षक संत क्रिस्टोफर आणि दोन्ही भागांच्या मध्ये रूड स्क्रीन हा कोरीव लाकडी पडदा, त्यावर क्रूस, अशी ती रचना असे. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात, १५४७-४८ मध्ये सहाव्या एडवर्डच्या राजवटीत, मूर्ती आणि चित्रे हटवण्याचे आदेश निघाले, भिंतींना चुना फासला गेला आणि क्रूस उतरवले गेले. पुढे १६४३-४४ मध्ये विल्यम डाउझिंग या कट्टर प्युरिटनाने सफक आणि केंब्रिजशायरमध्ये उरलीसुरली चित्रे व काचा फोडत फेरी मारली.

म्हणून आत फिरताना अनुपस्थितीच्या खुणा वाचाव्या लागतात. भिंतीत मध्येच सुरू होऊन कुठेच न पोहोचणारा अरुंद दगडी जिना दिसला, तर तो त्या पडद्यावरच्या माडीकडे जात होता. आइलच्या, म्हणजे नेव्हच्या बाजूला खांबांपलीकडे असलेल्या भागाच्या, पूर्व टोकाला दक्षिण भिंतीत लहानशी कुंडी असलेला कोनाडा दिसला, तर तिथे कधीतरी दुसरी वेदी होती, कारण पूजेची भांडी धुतलेले पाणी अशाच कुंडीतून जमिनीत सोडत. खांबात तिरके भोक असेल, तर ते बाजूला उभ्या असलेल्यांना मुख्य वेदी दिसावी म्हणून पाडलेले असते. आणि जिथे चुन्याचे जाड थर अजून शाबूत आहेत, तिथे त्याखाली चित्र असण्याची शक्यता धरूनच चालावे. चित्र लपवण्यासाठी फासलेल्या त्याच चुन्याने ते पाचशे वर्षे जपले आहे.

पुनर्निर्माण की दुरुस्ती?

हा वाद समजल्याशिवाय पुढचे काम समजणार नाही. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डेन सोसायटीच्या प्रभावाखाली, चर्चला त्याच्या ‘खऱ्या’ मध्ययुगीन रूपात परत न्यायचे, असा आग्रह धरला गेला. त्यासाठी नंतरच्या शतकांतील बाके, सज्जे आणि खिडक्या काढून टाकल्या गेल्या, आतला गिलावा खरवडून दगड उघडे पाडले गेले. या लाटेतील सर्वांत व्यग्र वास्तुविशारद म्हणजे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबईकरांना त्यांचे काम रोज दिसते, कारण मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे त्यांनीच, कधीही मुंबईला न येता, तयार केले. नवीन इमारत उभारताना त्यांची प्रतिभा खुलते. जुन्या इमारतीवर तोच हात फिरला, की तिचा इतिहास पुसला जातो.

टूक्सबरीच्या जुन्या मठमंदिरात स्कॉट यांचे काम होणार हे वाचून विल्यम मॉरिस यांनी मार्च १८७७ मध्ये जाहीर पत्र लिहिले आणि त्याच वर्षी प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. तिचे संक्षिप्त नाव स्पॅब; गिलावा खरवडण्याला तिचा विरोध म्हणून तिला ‘अँटी-स्क्रेप’ हेही नाव पडले. इमारतीत प्रत्येक शतकाने घातलेली भर खरी असते, ती पुसून एकाच काळाचा देखावा उभारू नये, आणि नियमित देखभालीने ऱ्हास थोपवावा, ही तिची भूमिका. आजही इंग्लंडमधील संवर्धनाचा पाया हाच आहे, आणि या बाबतीत मी निःसंकोचपणे मॉरिस यांच्या बाजूचा आहे.

चौथी पायरी : तपासणी आणि परवानगी

चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६,००० चर्च आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य वारसा-यादीत आहेत. प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी पात्र वास्तुविशारदाकडून किंवा सर्वेक्षकाकडून तपासणी व्हावी, ही पद्धत १९५५ च्या कायद्याने आली. तो अहवाल आधी हातात घ्यावा. त्यात कामे तातडीनुसार लावलेली असतात. निधी गोळा होईल तसा तोच क्रम पाळावा आणि डोळ्यांना खुपणारी पण निरुपद्रवी गोष्ट आधी करण्याचा मोह टाळावा.

चर्चला धर्मसंस्थेची स्वतःची परवानगी-व्यवस्था लागू होते. त्यामुळे वारसा-इमारतीसाठी लागणारी सरकारी संमती घ्यावी लागत नाही, मात्र बाह्य स्वरूप बदलणाऱ्या कामासाठी नगररचनेची परवानगी लागू शकते. किरकोळ देखभाल परवानगीशिवाय करता येते, काही कामांना आर्चडीकनची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याची, लेखी संमती पुरते आणि त्यापुढच्या सर्व कामांना फॅकल्टी हा परवाना लागतो. तो डायोसीजचा चॅन्सेलर, म्हणजे धर्मप्रांताचा न्यायाधीश, सल्लागार समितीचे मत पाहून देतो. अर्जासोबत वास्तूचे महत्त्व सांगणारे आणि गरज सांगणारे अशी दोन टिपणे जोडावी लागतात आणि जाहीर सूचना २८ दिवस लावावी लागते. महत्त्व सांगणारे टिपण लिहिताना पहिल्या तीन पायऱ्यांतील नोंदी कामी येतात. बाके हलवणे, शौचालय किंवा लहान स्वयंपाकघर बांधणे अशा मागण्या असतील, तर बदलाने वास्तूला किती हानी होईल आणि लोकांना होणारा लाभ त्या हानीहून मोठा आहे का, याचे प्रामाणिक उत्तर या टिपणांत असले पाहिजे.

वटवाघळांची पाहणीही याच टप्प्यावर करून घ्यावी. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने ती आणि त्यांची वस्तीस्थाने संरक्षित आहेत. पिल्लांच्या काळात छपराचे काम अडकले, तर परातीसकट गवंडी परत पाठवण्याची वेळ येते.

पाचवी पायरी : पाणी आवरणे

चर्चचे बहुतेक आजार पाण्यातून उद्भवतात. वर्षातून दोनदा, पानगळ संपल्यावर नोव्हेंबर अखेरीस आणि पुन्हा वसंतात, सर्व पन्हळी, त्यांच्या तोंडाशी असलेली पेटी आणि उभे नळ साफ करावेत. एका चोंदलेल्या पन्हळीमुळे तुळईचे भिंतीतले टोक कुजते आणि हजारो पौंडांचे काम निघते. ओतीव लोखंडी नळ भिंतीला चिकटून असतील, तर त्यांची मागची बाजू कधीच रंगवली जात नाही आणि तिथेच ते गंजून फुटतात. ठोकळे घालून ते थोडे पुढे घ्यावेत.

शिशाचे छप्पर शतकभर आणि त्याहूनही जास्त टिकते, पण उन्हाने पसरणे आणि थंडीने आकसणे हा शिशाचा स्वभाव आहे. पत्रा फार मोठा कापला किंवा सर्व बाजूंनी घट्ट ठोकला, की तो सुरकुततो आणि चिरतो. शिसेचोरीचा त्रास अनेक गावांना झाला आहे. चोरीनंतर टर्न, म्हणजे कथिलयुक्त, लेप दिलेल्या स्टेनलेस स्टीलचा पर्याय पुष्कळदा मंजूर होतो, मात्र त्यालाही परवानगी लागते.

जमिनीकडे त्यानंतर वळावे. शतकानुशतकांच्या दफनांमुळे आवाराची पातळी वाढत जाते आणि माती आतल्या फरसबंदीहून वर येते, मग भिंत कायम ओली राहते. कडेने उथळ चर खणून पाणी दूर नेणे हा उपाय आहे, पण ही दफनभूमी आहे आणि चरात मानवी अवशेष निघण्याची शक्यता असते. म्हणून पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीशिवाय कुदळ मारू नये.

सहावी पायरी : चुना, सिमेंट आणि दगड

या पायरीवर घाई करणाऱ्यांनी जितके नुकसान केले आहे, तितके धर्मसुधारणेच्या काळातही झाले नसेल असे कधी कधी वाटते. मध्ययुगीन भिंत म्हणजे दोन बाजूंना दगडांची रचना आणि मध्ये चुन्यात घातलेली दगडगोट्यांची भर. तिच्यात पाणी शिरतेच. ते मऊ, सच्छिद्र चुन्याच्या दरजांतून बाहेर पडते आणि वाऱ्याने सुकते. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ चे आहे. सिमेंटने दरजा भरल्या, की पाण्याची ती वाट बंद होते, ते दगडातून बाहेर पडू लागते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठतात आणि थंडीत पाणी गोठून दगडाचा पापुद्रा सुटतो. काही वर्षांनी दगड आत झिजलेला आणि सिमेंटची जाळी पुढे आलेली दिसते. महाराष्ट्रातील किल्ल्यांवर आणि जुन्या वाड्यांवर सिमेंटची डागडुजी पाहिलेल्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल.

दरजा भरण्याची रीत अशी. फक्त पोकळ झालेल्या, माल गळालेल्या दरजा निवडाव्यात; संपूर्ण भिंत नव्याने भरून एकसारखी दिसावी हा हट्ट धरू नये. जुना माल हाताच्या छिन्नीने दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर खोल काढावा. विजेवर फिरणारी पाती वापरू नयेत, त्यांनी दगडाच्या कडा कापल्या जातात आणि त्या परत येत नाहीत. जुने सिमेंट इतके घट्ट असेल की काढताना दगडच फुटेल, तर ते स्वतः सैल होईपर्यंत तसेच राहू द्यावे. मग दरज धुऊन ओली करावी, कारण कोरडा दगड मालातील पाणी शोषून घेतो आणि माल भुसभुशीत होतो.

एक भाग चुना आणि तीन भाग लहानमोठ्या कणांची खरखरीत वाळू हे प्रमाण नेहमीचे आहे. चुना कोणता, हे दगड आणि जागा पाहून ठरते. विझवून मुरवलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि मऊ दगडाला साजतो. उघड्या मनोऱ्यावर पाण्यात घट्ट होणारा नैसर्गिक जलचुना वापरतात, पण त्याचाही सौम्य प्रकार आधी विचारात घ्यावा. माल नेहमी दगडाहून मऊ असावा, हा नियम मोडू नये. माल आतपर्यंत दाबून भरावा, झिजलेल्या दगडावर तो पसरू देऊ नये, आणि थोडा आवळला की राठ ब्रशने ठोकून पृष्ठभाग खरखरीत करावा. नंतर ओले गोणपाट टांगून काही दिवस ऊन आणि वारा यांपासून त्याला जपावे. तापमान ५ अंशांखाली जाण्याची शक्यता असेल तेव्हा हे काम करू नये.

दगड बदलण्याची वेळ शेवटी येते. पृष्ठभाग झिजला म्हणून नव्हे, तर दगड भार पेलेनासा झाला किंवा पाणी झटकेनासा झाला तरच तो काढावा. नवीन दगड त्याच जातीचा घ्यावा आणि खाणीत त्याचे थर आडवे होते तसेच भिंतीत आडवे ठेवावेत. भेग दिसली तर लगेच भरू नये. तिच्यावर मोजपट्टी लावून किमान वर्षभर नोंदी घ्याव्यात. चिकणमातीची जमीन उन्हाळ्यात आकसते आणि हिवाळ्यात फुगते, त्यामुळे कित्येक भेगा ऋतूंबरोबर उघडतात आणि मिटतात.

सातवी पायरी : लाकूड, चित्रे, काच

ओकच्या तुळईत सुमारे ३ मिलिमीटरची भोके दिसली, तर डेथवॉच बीटल या किड्याचा संशय घ्यावा. त्याच्या अळ्या कित्येक वर्षे लाकडात राहतात, पण त्यांना ओलसर, बुरशीने मऊ झालेले लाकूडच लागते. म्हणून सर्वत्र औषध फवारण्याआधी ओल थांबवावी आणि हवा खेळती करावी. टोक कुजले असेल तर तेवढेच कापून नवीन ओकचा तुकडा सांधा घालून जोडावा, चांगले लाकूड जागेवरच राहू द्यावे. नव्या ओकमधील आम्ल लोखंड आणि शिसे दोन्ही खाते, तेव्हा बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

भित्तिचित्रांना आपण हात लावू नये, इतकेच सांगणे पुरेसे आहे. ती बहुतेक कोरड्या चुन्यावर काढलेली आहेत, ओल्या फडक्यानेही रंग निघून येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चांगल्या हेतूने त्यांवर मेण चढवले गेले, त्याने ओल अडकली आणि चित्रे काळवंडली. ते मेण काढण्यात तज्ज्ञांच्या पिढ्या गेल्या. रंगीत काचेच्या बाबतीत आडव्या लोखंडी सळ्या पाहाव्यात. त्या गंजून फुगतात आणि दगडी चौकट फोडतात. बाहेरून संरक्षक काच लावायची असेल, तर मधल्या जागेत हवा खेळती हवी.

काम संपल्यावर

ओल्या भिंतीला सुकायला साधारणपणे २५ मिलिमीटर जाडीला एक महिना लागतो, असा जुना हिशेब आहे. ९०० मिलिमीटरची भिंत एकाच बाजूने सुकत असेल, तर तीन वर्षे होतात. या काळात क्षार बाहेर येतील, गिलाव्यावर पांढरी बुरशी आल्यासारखे दिसेल आणि समितीतले कोणीतरी प्लास्टिक रंगाचा डबा आणण्याचा आग्रह धरेल. क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत, दारे-खिडक्या कोरड्या दिवसांत उघड्या ठेवाव्यात आणि रंग लावायचाच तर चुन्याचाच लावावा. कोणत्या दरजा भरल्या, वाळू कुठली होती, चुना कोणता होता, कोणत्या तुळईला कुठे सांधा घातला, हे सर्व छायाचित्रांसह चर्चच्या नोंदवहीत तारखेनिशी लिहून ठेवावे.